दोनशे फुटांतली माणसं

"तुमच्या आईबद्दल आम्हा सर्वांना सहानुभूती आहे, पण त्यांचे गुडघे बोर्डाला विचारात घेता येत नाहीत." बोर्डाचे वकील हे म्हणाले तेव्हा आई माझ्या मागच्याच रांगेत बसली होती, वॉकर घडी करून खुर्चीला टेकवून ठेवलेला. ते उद्धटपणे बोलले नाहीत. बोलण्याआधी त्यांनी चष्मा काढला, आईकडे बघून मान किंचित लववली आणि मगच माझ्याकडे वळले. ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं पत्र मी फाइलीतून अर्धं बाहेर काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. न्यू जर्सीतल्या आमच्या टाऊनची म्युनिसिपल बिल्डिंग, वर ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड, कोपऱ्यात झेंडा, आणि समोर लांब टेबलामागे झोनिंग बोर्डाचे, म्हणजे कोणत्या जागेवर काय आणि किती बांधायचं याचे नियम सांभाळणाऱ्या मंडळाचे, सात जण. आपापली नोकरी आटपून, बिनपगारी, रात्री साडेसात वाजता दुसऱ्यांच्या कुंपणांचे आणि ड्राइव्हवेंचे नकाशे बघायला आलेले. आईला इंग्रजी बोलता येत नाही, पण बरंचसं कळतं. गुडघ्यांचं तर नक्कीच कळलं, कारण मी वळून पाहिलं तेव्हा तिने अंगावरची शाल गुडघ्यांवर ओढून घेतली होती.

घरी येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरोबर बोलला तो माणूस."

मला राग आलेला होता. सगळ्यांसमोर तिच्या दुखण्याचा उल्लेख झाला आणि लगेच ते बाजूलाही सारलं गेलं, याचा राग. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच म्हणत होती की बरोबर आहे. हे वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

मागितलं तरी काय होतं आम्ही? आठ फूट रुंद आणि चाळीस फूट लांब अशी डांबराची एक पट्टी. आमचा ड्राइव्हवे एका गाडीच्या रुंदीचा आहे. दोन गाड्या एकामागे एक लागतात. आमच्या टाऊनमध्ये रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला मनाई आहे, त्यामुळे दुसरी गाडी बाहेर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. गाडीचं दार उघडलं की आईचा पाय थेट हिरवळीच्या उतारावर पडतो. उन्हाळ्यात ते कसंबसं जमतं. नोव्हेंबरपासून तिथे ओल असते, जानेवारीत बर्फाचा काच होतो, आणि वॉकरची चाकं मातीत रुततात. मी एका हाताने तिला धरते, दुसऱ्या हाताने वॉकर उचलते, आणि तेवढा वेळ आम्ही दोघीही श्वास रोखून असतो. दाराच्या बाजूला सपाट, कोरडी, टणक जागा हवी, एवढीच आमची गरज होती.

पण आमचा प्लॉट रस्त्याच्या वळणावर आहे. पुढे अरुंद, मागे रुंद. रस्त्याच्या बाजूने बघितलं तर घर, त्याला खेटून ड्राइव्हवे, आणि त्याच्या थोडंसंच पुढे हद्द. टाऊनचा नियम असा की ड्राइव्हवे आणि हद्द यांच्यात पाच फूट मोकळे हवेत. पट्टी घातली तर दोनच उरत होते. दुसरा नियम असा की प्लॉटचा ४० टक्क्यांहून जास्त भाग पाणी न जिरणारा असू नये. छप्पर, डांबर, काँक्रीट सगळं त्यात धरतात. आमचा प्लॉट ७,५०० चौरस फुटांचा, त्यातला २,८५० आधीच झाकलेला. पट्टीचे ३२० मिळवले की ३,१७०, म्हणजे ४२.२७ टक्के. झोनिंग ऑफिसरने अर्ज नामंजूर केला, कोणत्या कलमाखाली तेही लिहून दिलं, आणि काउंटरवरच्या बाईंनी पुढचा कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. नियमातून सूट हवी असेल तर आता बोर्डापुढे जा. इथे सगळे त्याला व्हेरियन्स म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

आई चिपळूणची. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा ती तिथे एकटी होती. २००५चा पूर तिने पाहिला होता, त्यामुळे पाणी कुठवर येतं याची तिची स्वतःची एक रेघ होती. ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, फार तर उंबऱ्यापर्यंत. त्या पहाटे पाणी तिची रेघ ओलांडून गेलं. शेजारच्यांनी तिला हाताला धरून त्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. वीज गेली, फोन गेले, आणि इथे आम्ही रात्रभर टीव्हीच्या पट्ट्या वाचत बसलो. नंतर तिचा आवाज ऐकला तेव्हा ती फक्त चिखलाबद्दल बोलत होती. चिखल कसा प्रत्येक डब्यात गेलाय, फडताळात, देव्हाऱ्यात, शिलाई मशीनच्या खाचांत. तो उपसताना ती दिवसचे दिवस गुडघाभर गाळात उभी राहिली. आधीच कुरकुरणारे गुडघे त्यानंतर उठलेच नाहीत. नदीतला गाळ काढा म्हणून गावाने पुढे उपोषणं केली, त्या बातम्या ती इथे बसून फोनवर वाचायची.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, आयडा चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस आमच्यावर कोसळला. नेवार्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त. आमच्यापासून फार लांब नसलेल्या मॅनव्हिल गावात रॅरिटन आणि मिलस्टोन या दोन नद्या एकत्र येतात. तिथे घरं पाण्यात होती आणि त्याच पाण्यात गॅसने पेटलीही. राज्यात निदान ३० माणसं गेली, त्यांतली कितीतरी गाडीतच अडकून. चिपळूणच्या पुरात मी आईला फोन केला होता आणि यावेळी ती मला विचारत होती, "वर गेलात का? वर जा." आमच्या बेसमेंटमध्ये थोडंच पाणी आलं. उताराच्या खालच्या घरात काय झालं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शेजारी राहून माहीत नव्हतं. या देशात गॅरेजचं दार रिमोटने उघडतं, गाडी आत जाते, दार बंद होतं, आणि बाजूच्या घरात कोण आहे हे वर्षानुवर्षं न कळता माणसं नीट जगतात.

अर्जासाठी सर्व्हे लागला. सर्व्हेअर तिपाई घेऊन आला, कोपऱ्यातल्या झुडपांत शिरून त्याने मातीत गाडलेली लोखंडी खूण शोधून काढली आणि हद्दीवर केशरी फितीच्या खुंट्या ठोकत गेला. आई खिडकीत बसून सगळं बघत होती. मोजणी म्हणजे भाऊबंदकी, कोर्ट, पिढ्यान् पिढ्यांचं न बोलणं, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने मला हाक मारली आणि हळूच विचारलं, "खालच्यांना सांगितलंयस ना, की मोजणी आहे म्हणून?" सांगायची पद्धत नाही इथे, असं मी म्हणाले. "मोजणीला शेजारी उभा असावा," एवढंच ती म्हणाली आणि त्या माणसाला चहा विचारायला मला पिटाळलं. त्याने चहा घेतला. उभ्यानेच, गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून.

सांगायची पद्धत आहे, हे मला पुढच्याच टप्प्यावर कळलं. नुसती पद्धत नाही, कायदा आहे. न्यू जर्सीच्या १९७५च्या लँड यूज कायद्यानुसार, तुमच्या प्लॉटपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकाला सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी कळवावं लागतं. एकतर स्वतः हातात कागद द्यायचा, नाहीतर सर्टिफाइड मेलने पाठवायचा. शिवाय पेपरात जाहिरातही द्यावी लागली. यादी टाऊनच्या ऑफिसातून मिळते, नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते भरून. मी दहाच भरले. यादी घरी आणली तेव्हा आईने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. एक पटेल, एक रेड्डी, दोन इटालियन आडनावं, एक पोलिश, एक जे तिला उच्चारता आलं नाही. "ही सगळी आपल्या आजूबाजूची?" तिने विचारलं. इतकी वर्षं या घरात राहून मी ती नावं पहिल्यांदा वाचत होते.

पोस्टात उभं राहून सर्टिफाइड मेलचे हिरवे फॉर्म भरताना मला फार अवघडल्यासारखं झालं. अनोळखी माणसांना मी कळवत होते की माझी जागा नियमापेक्षा जास्त झाकायची आहे, तुमचं काही म्हणणं असेल तर अमुक तारखेला या आणि शपथेवर सांगा. पहिलीच ओळख, आणि ती अशी. चार-दोन जणांनी रस्त्यात थांबवून सांगितलं की आमची हरकत नाही. एकाने विचारलं की डांबराचा कॉन्ट्रॅक्टर कोण, त्यालाही करायचं होतं. खालच्या घरातल्या बाई मात्र ते पत्र हातात घेऊन चालत वर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, सडपातळ, कानात मशीन. त्यांनी बेल वाजवली नाही. ड्राइव्हवेच्या टोकाशी, बेल्जियन ब्लॉकच्या दगडी कडेशी उभ्या राहून त्या उताराकडे बघत होत्या. मी बाहेर गेले तर म्हणाल्या, "पाणी कुठे जाणार आहे?"

आयडाच्या रात्री त्यांचं बेसमेंट छताजवळ पोचेपर्यंत भरलं होतं. वीज गेली आणि बेसमेंटमधलं पाणी उपसणारा सम्प पंप बंद पडला. नवऱ्याची हत्यारं, मुलांच्या शाळेतल्या वह्या, लग्नाचे फोटो, सगळं खाली होतं. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. यादी सांगितली. वॉकर टेकत आई दारापर्यंत आली होती. मी मराठीत सांगत गेले आणि ती ऐकत राहिली, आणि फोटोंपाशी पोचल्यावर तिने मला हाताने थांबवलं. पुढचं तिला सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री मी हिशोब केला. ३२० चौरस फूट डांबर. त्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २०० गॅलन पाणी, म्हणजे साडेसातशे लिटर. आईने लिटरमध्ये विचार केला नाही. पंधरा लिटरचा हंडा धरून ती म्हणाली, "पन्नास हंडे." मग थोड्या वेळाने, "एका इंचाला पन्नास. तुमच्याकडे त्या दिवशी आठ पडला ना?" चारशे हंडे पाणी, जे आज माझ्या गवतात थोडंफार जिरतं, ते उद्या सरळ खाली जाणार. आणि इथली माती म्हणजे शेल खडकाची, चिकट आणि तांबडी. रंग कोकणातल्यासारखाच, म्हणून पहिल्यांदा ती बघितल्यावर आई हरखली होती. पण जांभ्यासारखी ती पाणी पीत नाही, पाणी वरच्यावर घेऊन वाहते.

मग आई पागोळ्यांबद्दल बोलायला लागली. तिच्या माहेरी वाडीत दोन घरांमधलं अंतर कमी, छपरं उतरती. पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्या कुठे पडतात यावरून माणसं चार पिढ्या बोलत नव्हती. आपल्या पागोळीचं पाणी आपल्या आवारात पडलं पाहिजे, आणि तिथून आपल्या पाटाने व्हाळाला गेलं पाहिजे, हा दंडक. कोणी घर वाढवायला काढलं की जाणती माणसं येऊन छपराच्या कडेखाली उभी राहायची आणि आधी हेच विचारायची. खोली कोणासाठी, मुलगा लग्नाचा आहे का, म्हातारा आजारी आहे का, ते सगळं नंतर. "खोली कोणासाठी का असेना, पाणी तर तेवढंच पडणार," आई म्हणाली. आणि वकिलांच्या त्या वाक्याला ती बरोबर का म्हणाली होती, हे पुढे मला या संभाषणावरून उलगडलं. पागोळ्यांचा नियम तिला आधीपासून पाठ होता.

गुडघ्यांसाठी दुसरी वाट होती. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं की १९८८ सालच्या दुरुस्तीनंतर इथल्या फेअर हाउसिंग कायद्यात, म्हणजे घरांच्या बाबतीत भेदभाव रोखणाऱ्या कायद्यात, अपंग माणसासाठी वाजवी सवलत मागता येते, झोनिंगमध्येसुद्धा. तसा वेगळा अर्ज करा, डॉक्टरांचं पत्र तिथे उपयोगी पडेल. मी आईला विचारलं. तिने स्पष्ट नाही म्हटलं. "मला अपंग लिहून काही मागू नकोस. मला जिना चढता येत नाही एवढंच आहे." मी समजावायचा प्रयत्न केला की तो नुसता कागदावरचा शब्द आहे, हक्क आहे, त्यात कमीपणा नाही, लाखो माणसांनी भांडून मिळवलेला आहे. माझं म्हणणं खरंच तसं आहे, आजही. पण नाव तिचं होतं, आणि ते कसं लिहायचं हे तिने ठरवायचं होतं.

तेव्हा उरली ती जमीनच. बोर्डाला सूट देता येते ती जमिनीच्या अडचणीसाठी. प्लॉट विचित्र आकाराचा असेल, फार अरुंद किंवा फार उथळ असेल, चढउतार असेल, आणि त्यामुळे नियम पाळणं त्याच जागेला जड जात असेल तर. आणि तरीही दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: लोकांचं फार नुकसान होणार नाही, आणि झोनिंगच्या मूळ हेतूला धक्का लागणार नाही. माणसाच्या अडचणीला यात जागा नाही, कारण सूट माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळते. घर विकलं तरी ती तिथेच राहते. हे मी आईला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "हो मग. मी जाईन, डांबर राहील." आणि आमटी वाढून घेतली.

झोनिंग हा सगळा प्रकार तसा शंभरेक वर्षांचाच. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग १९१५ साली उभी राहिली आणि तिच्या अजस्र सावलीत आजूबाजूच्या इमारती दिवसा अंधारल्या. पुढच्याच वर्षी, १९१६ला, त्या शहराने सगळ्या शहरासाठी नियम केले. ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाने केलेले असेच नियम १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. त्या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलंय की डुक्कर गोठ्याच्या अंगणात असलं तर ठीक, दिवाणखान्यात आलं की उपद्रव. कायद्याच्या पुस्तकांत हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच निकालात निवासी वस्तीतल्या अपार्टमेंटच्या इमारतींनाही बांडगूळ म्हटलं आहे, याबद्दल कमी बोललं जातं. भाड्याने राहणारी माणसं म्हणजे चांगल्या वस्तीला लागलेली कीड, असा त्याचा सूर. ते वाचून मी अस्वस्थ झाले. या देशातली पहिली काही वर्षं मी अपार्टमेंटमध्येच काढली, बहुतेक सगळे आपले लोक तिथेच सुरुवात करतात.

पहिल्या सुनावणीला बोर्डाने निर्णय दिला नाही. माझा नकाशा पुरावा ए-वन म्हणून नोंदवला, फोटो ए-टू. मग खालच्या घरातल्या बाई उठल्या, उजवा हात वर करून त्यांनी शपथ घेतली, नाव आणि पत्ता सांगितला, आणि माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन तोच प्रश्न विचारला. या वेळी मला नाही, बोर्डाला. टेबलामागचे इंजिनियर नकाशावर पेन्सिलने उताराचे बाण काढायला लागले. अध्यक्षबाईंनी मला विचारलं की पुढच्या महिन्यात सुधारलेला नकाशा घेऊन याल का. गुडघ्यांचं ते वाक्य आलं ते याच्या आधी, पण खरी सुनावणी इथून सुरू झाली असं मला वाटतं.

नकाशा सुधारायला आईच जास्त उत्साहाने बसली. मागच्या दाराशी आमचं दहा बाय बाराचं काँक्रीटचं पॅटिओ होतं. संध्याकाळी तिथे चहा व्हायचा, मुलांचे वाढदिवस व्हायचे, गौरीगणपतीच्या दिवसांत जास्तीची माणसं तिथेच जेवायची. आईने कागदावर त्यावर बोट ठेवलं. "हा ओटा फोडा." मला जड गेलं ते. तिला नाही गेलं. पट्टी आठऐवजी सहा फुटांची केली, वॉकरला तेवढी पुरते, हे तिने स्वतः ड्राइव्हवेवर खडूने रेघा मारून, त्यात चालून दाखवलं. म्हणजे डांबर २४० चौरस फूट, पॅटिओचे १२० वजा, एकूण २,९७०. टक्केवारी ३९.६. चाळीसची मर्यादा ओलांडायची गरजच उरली नाही. राहिला फक्त हद्दीपासूनच्या अंतराचा प्रश्न, पाचाऐवजी चार फूट. त्याला कारण जमिनीचं होतं: पुढे निमुळता होत गेलेला प्लॉट, आणि दुसऱ्या बाजूला घर. पट्टीचा ढाळ खालच्या घराकडे न ठेवता आत वळवला, आणि खालच्या कोपऱ्यात रेन गार्डन दाखवलं. रटगर्स विद्यापीठाच्या लोकांनी न्यू जर्सीपुरती यावर चांगली पुस्तिका काढली आहे: घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब, काही इंच खोल बशीसारखा खड्डा, त्यात इथलीच पाणी सोसणारी झाडं. आम्ही स्वॅम्प मिल्कवीड आणि निळे आयरिस निवडले. पाणी तिथे थांबतं, एखाद्या दिवसात जिरतं, डास होण्याआधी.

तो नकाशा बोर्डाकडे देण्याआधी आई खालच्या घरी गेली. मी सोबत, दुभाषी म्हणून. त्या दोघी बेसमेंटच्या पायऱ्यांच्या वर उभ्या राहिल्या, दोघींनाही त्या उतरता येत नव्हत्या, आणि वरूनच त्या बाईंनी भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली. पांढऱ्या रंगाखालूनही ती तपकिरी दिसत होती. आईने तिच्या फोनवर चिपळूणच्या घराचा फोटो काढून दाखवला. तिथली रेघ तांबडी होती आणि जास्त उंच होती. बाई म्हणाल्या, "हे कुठलं?" मी सांगितलं. "त्याच वर्षीचं?" त्याच वर्षीचं. मग बराच वेळ मला काही भाषांतर करावं लागलं नाही.

दुसऱ्या सुनावणीला त्या आल्या, पण बोलायला उठल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा जागेवरूनच म्हणाल्या की मला उत्तर मिळालं. एक मत विरोधात गेलं. त्या सभासदाचं म्हणणं होतं की आज एक फूट दिला तर उद्या गल्लीतला प्रत्येक जण मागेल, आणि त्याचं म्हणणं मला अजिबात चुकीचं वाटलं नाही. ठराव महिन्याभराने लेखी आला, अटींसकट. ढाळ तसाच ठेवणे, रेन गार्डन कायम राखणे, पॅटिओ पुन्हा न बांधणे. हे सगळं आमच्यानंतर घर घेणाऱ्यालाही लागू. पेपरात प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस कोणालाही कोर्टात जायची मुभा होती, म्हणून ते दिवस संपेपर्यंत आम्ही कॉन्ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही.

आता पट्टी झाली आहे. आई गाडीतून उतरते आणि माझा हात न धरता दारापर्यंत जाते. पाऊस आला की ती पुढच्या खिडकीत बसून खालच्या कोपऱ्यातला खड्डा कसा भरतो ते बघते आणि मग खालच्या घरी फोन करायला लावते.

पण माझ्या मनात युक्लिडचं ते वाक्य रुतून बसलं होतं, आणि त्यामागोमाग आमच्याच राज्यातलं माऊंट लॉरेल. तिथे एथेल लॉरेन्स नावाची कृष्णवर्णीय बाई होती. तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या त्याच गावात गेल्या होत्या. गरीब कुटुंबांना परवडतील अशी अपार्टमेंट बांधू द्या म्हणून ती आणि तिचे शेजारी उभे राहिले, आणि गावाने झोनिंगचा नियम पुढे केला. इथे फक्त मोठ्या प्लॉटवर स्वतंत्र घरं. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाविरुद्ध निकाल दिला. विकास होत असलेल्या गावांना झोनिंगच्या आडून गरिबांसाठी दारं बंद करता येणार नाहीत. तरी प्रत्यक्ष घरं उभी राहायला दोन तपांहून जास्त काळ गेला. त्यांना एथेल लॉरेन्सचंच नाव आहे, पण ती पाहायला ती राहिली नव्हती. ज्या वर्षीचा तो निकाल, त्याच वर्षाच्या कायद्यांत हा लँड यूज कायदाही मोडतो, ज्याखाली मी शेजाऱ्यांना पत्रं पाठवली. एकाच जातीचे नियम. एका ठिकाणी ते विचारतात, तुझं पाणी कोणाच्या घरात जाईल. दुसऱ्या ठिकाणी विचारतात, तुझ्या घरात कोण राहायला येईल. पहिला प्रश्न कोणीही मला कितीही वेळा विचारावा, मी उत्तर द्यायला बांधील आहे. दुसरा विचारायचा कोणाला हक्क आहे असं मला वाटत नाही, मग तो कितीही सभ्य भाषेत, ट्रॅफिक आणि पार्किंग आणि वस्तीचं वळण अशा शब्दांत गुंडाळून विचारलेला असो. वकिलांनी आईचे गुडघे बाजूला ठेवले याचा राग माझ्या मनातून पूर्ण गेलेला नाही. पण माणूस कोण आहे ते बघायचंच नाही हा नियम सगळ्यांना सारखा लावला, तर तो एथेल लॉरेन्सच्या बाजूचा नियम होतो, हे मला आता दिसतं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे सर्टिफाइड मेल आली. या वेळी यादीत आमचं नाव होतं. आमच्यामागच्या रस्त्यावरच्या एका कुटुंबाला गॅरेजच्या जागी छोटं वेगळं घर करायचं आहे, स्वयंपाकघरासकट, भावाच्या बिऱ्हाडासाठी. आमच्या झोनमध्ये एका प्लॉटवर एकच कुटुंब चालतं, त्यामुळे त्यांची सूट आमच्याहून कितीतरी अवघड. सातांपैकी पाच मतं लागतात. गल्लीत कुजबुज सुरू झाली आहे. एका घरात किती गाड्या, किती माणसं, शाळेत किती मुलं. ज्यांनी माझ्या वेळी रस्त्यात थांबून हरकत नाही म्हटलं होतं, त्यांतलाही एक जण यात आहे.

मी जाणार आहे. गॅरेजच्या छताचं पाणी कोणत्या बाजूला उतरेल हे मी विचारीन, कारण त्यांचा उतारही आमच्याच कोपऱ्याकडे येतो आणि तिथून खालच्या घराकडे जातो. त्याचं उत्तर नीट असेल तर मी बाजूने बोलेन, आणि भावाच्या बिऱ्हाडात किती माणसं आहेत याबद्दल कोणी उठून बोललं तर त्यालाही उत्तर देईन. आईने विचारलंय की तिलाही बोलता येईल का. येईल. पत्र ज्या घराला आलं त्या घरात ती राहते. हात वर करून शपथ घ्यावी लागेल, नाव आणि पत्ता सांगावा लागेल. पत्ता ती रोज स्वयंपाकघरात इंग्रजीतून म्हणून बघते आहे, झिप कोडसकट.